तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

फोन वाजला नाही. सोमवारी वाजला होता, बुधवारी वाजला होता; पण गुरुवारचा अख्खा दिवस तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर ढिम्म लटकून राहिला. लिओटा स्टेनरूडनं त्या दिवशी अंगणातलं गवत कापलं नाही, यंत्राच्या घरघरीत घंटी ऐकू आली नसती म्हणून. आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली. आणि शुक्रवारी सकाळी सहाला उठल्या उठल्या तिनं आधी रिसिव्हर उचलून कानाला लावला. आत नेहमीचा घूंऽऽ आवाज येत होता. फोन ठणठणीत होता. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी.

सोमवारचं बोलणं असं झालं होतं.

"मिस स्टेनरूड? मी ओर्टेगा, वृद्धाश्रमातून बोलतेय. तुमच्या भावासाठी खोली मोकळी झालीय. तळमजल्याची. पूर्वेला खिडकी आहे."

"अगं बाई! नको हो. आमचं चाललंय तसं बरंय. दुसऱ्या कोणाला जास्त गरज असेल."

"नक्की?"

"हो हो. उगाच त्रास झाला तुम्हाला."

फोन ठेवल्यावर लिओटा ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. मनात म्हणाली, एक झालं.

बुधवारी पुन्हा तोच आवाज.

"तुमच्या भाचीनं अर्जावर 'तातडीचं' असं लिहिलंय, म्हणून परत विचारते."

"कार्ला ना, सगळंच मोठ्या अक्षरांत लिहिते. आम्ही घेऊ चालवून."

"मग खोली सोडून देऊ?"

"आता तुम्ही एवढं म्हणताय... पण नकोच. तुमची कशाला अडचण."

"बरं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत थांबते मी. मग यादीतल्या पुढच्या माणसाला सांगेन."

दोन झाले. आता तिसऱ्यांदा फोन आला की लिओटा म्हणणार होती, "बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर." शब्द ठरले होते. भांडी विसळताना तिनं ते घोकलेसुद्धा होते, थोडं अवघडून, थोडं नाइलाजानं, हावरट वाटू नये अशा बेतानं. स्कारे तळ्याच्या काठावर जन्मलेल्या माणसाला कॉफी हवी असो की केकचा तुकडा की बुडताना हात, पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. समोरच्यानं तीनदा विचारायचं. ही काही कुठं लिहून ठेवलेली गोष्ट नव्हती. पण मिस ओर्टेगा मार्चमध्ये टेक्सासहून आलेली. तिकडं म्हणे माणूस 'नको' म्हणाला की त्याला नको असतं.

"सुई," लिओटा भावाच्या, आर्विडच्या खोलीत शिरत म्हणाली.

"कुठली?" आर्विड पलंगावरूनच म्हणाला. "माझी की गांडुळांची?"

हा विनोद तीन वर्षं दोन महिने चालला होता. ट्रेमध्ये खरंच दोन सुया असायच्या. एक त्याच्या साखरेच्या दुखण्याची, इन्सुलिनची. दुसरी लाल टोपणाची, ती गांडुळात थेंबभर हवा भरायची. हवा भरलेलं गांडूळ तळाशी चिखलात लोळत नाही, वीतभर वर तरंगत राहतं, आणि बास माशाला लांबून दिसतं.

"चुकून मला हवा भरलीस तर छताला जाऊन चिकटेन."

"चिकट. तेवढंच उचलायला हलका होशील."

मग उचलणं. आर्विड ऐन उमेदीत खडीचा ट्रक चालवायचा, आणि त्याचा देह अजून ट्रकएवढाच होता. अर्धांगवायूनं डावी बाजू नेली होती. उरलेल्या उजव्या हाताची बोटं साखरेनं बधिर झालेली; गरम कप धरला तर भाजल्याचं त्याला फोड आल्यावर कळायचं. लिओटानं त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं.

"एक, दोन..."

तो दोनलाच जोर लावायचा. नेहमी.

"तीनला म्हणते ना मी! तीनला!"

"दोनला सुरुवात केली तर तीनला उठणं होतं."

चाकाच्या खुर्चीत तो धप्पकन बसला. लिओटाच्या पाठीत कळ आली आणि जायचं नाव घेईना. ती पलंगाच्या कडेवर टेकली. नुसती टेकली, तर डोळे मिटायला लागले. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकोणतीस वर्षं दोनशे पोरांना जेवू घातलं होतं, हातात काठीएवढा डाव घेऊन. तेव्हाही थकायची. पण तो थकवा संध्याकाळी चपला काढल्या की उतरायचा. हा उतरत नव्हता. हा सकाळी तिच्या आधी उठून बसलेला असायचा.

"जायचं ना?" आर्विड म्हणाला. "की आज तुला बरं नाही?"

"काय झालंय मला! चल."

धक्क्यावर शेजारचा मायलो आपल्या होडीतलं पाणी उपसत होता. पंच्याहत्तरीचा, काटकुळा, सगळ्या तळ्याची खबर ठेवणारा.

"सकाळ बरीय," तो म्हणाला.

"याहून वाईट असू शकली असती," लिओटा म्हणाली.

"खुर्ची ढकलू का?"

"नको हो."

"नक्की?"

"तुम्ही तुमचं काम करा, कशाला उगाच."

"आणा इकडं," म्हणत मायलोनं खुर्चीच्या मुठी हातात घेतल्याच. लिओटा बाजूला झाली. इतकं सोपं असतं ते, तिच्या मनात आलं. फक्त समोर इथला माणूस लागतो.

त्यांची होडी म्हणजे दोन नळकांड्यांवर ठेवलेली सपाट फळी आणि भोवती कठडा. खुर्ची थेट आत जायची. मायलोनं ती पुढच्या बाजूला, तोंड पाण्याकडे करून लावली, चाकांचे ब्रेक लावले. मग उतरता उतरता, कोणाकडेही न बघता म्हणाला, "काल माझ्या धक्क्यापाशी एक बास आला होता वाहून. मेलेला. गळ पार पोटात."

लिओटा होडीचा दोर सोडवायला वाकली.

"मी काही म्हणत नाही हं," मायलो म्हणाला. "नुसतं सांगितलं."

"कोणी तरी नवशिका असेल," आर्विड म्हणाला. "शहरातला."

"असेल, असेल. ते लोक वाट बघत बसतात ना, म्हणून मासा गिळतो."

लिओटानं इंजिन सुरू केलं. तो मासा कोणाचा होता हे तिला माहीत होतं. मंगळवारचा. तिचाच.

त्याचं असं होतं. कमळाची पानं संपतात तिथं, अकरा फूट पाण्यावर ते नांगर टाकायचे. वारा मागं वाहायचा, तसा गळही मागं जायचा. आर्विडची काठी कठड्यावरच्या पकडीत बसवलेली, त्याचा हात मुठीवर, तोंड पुढं. दोरी मात्र मागं, लिओटाच्या स्टुलाजवळून पाण्यात उतरायची. पहिल्या उन्हाळ्यात एकामागून एक मासे गळ गिळून बसायला लागले, तेव्हा तिला कळलं की आर्विडच्या हाताला काही म्हणजे काही लागत नाही. बास आधी दोनदा टोचतो, मग गांडूळ तोंडात धरून चालू लागतो. तेव्हा दोन आकडे मोजायचे आणि काठी उचलायची. दहा मोजलेत तर गळ पोटात. बाबा म्हणायचे, तोंडात अडकला तर मासा तुमचा, पोटात अडकला तर चूक तुमची. त्यात या तळ्याला नियम असा, की बारा ते वीस इंचांमधला प्रत्येक बास पाण्यात परत सोडायचा. म्हणजे खायलाही नाही. मारून सोडायचा, गिधाडांच्या नावानं.

तर लिओटानं काय केलं, एक दिवस गुपचूप ती दोरी आपल्या तर्जनीवर घेतली. मासा टोचला की तिला कळायचं. दोन मोजायची आणि दोरीला असा हिसका द्यायची की काठीची मूठ आर्विडच्या तळव्यात उडायची. मग तो ओरडायचा, "लागला! बघितलंस? अजून हात आहे माझा!"

"आहे बाबा, आहे."

तीन उन्हाळे. आठवड्यातून तीन सकाळी. ती माशाचं काम करायची आणि वर कौतुकही करायची.

आज तिनं डब्यातून एक लांबलचक गांडूळ काढलं. आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात ओल्या वर्तमानपत्राच्या चिंध्या. चर्चच्या हिरवळीवरून तिनंच पाऊस पडून गेल्यावर वेचलेली गांडुळं. गळ मानेपाशी ओवला, लाल टोपणाची सुई काढून शेपटाकडं हवा भरली, आणि दोरी मागं सोडली.

"गुबगुबीत आहे का?" आर्विडनं पुढं बघतच विचारलं.

"तुझ्यासारखं."

"मग बास येणार. बासला अक्कल असते."

दोरी बोटावर आली. होडी जरा डुलली आणि स्थिर झाली. घड्याळात सव्वानऊ. बाराला अजून पावणेतीन तास. घरात कदाचित आत्ता वाजत असेल फोन, लिओटाच्या मनात आलं. वाजून वाजून थांबत असेल. पण तिला ठाऊक होतं, वाजत नाहीये.

दोनदा विचारून तिसऱ्यांदा न विचारलेलं तिच्या आयुष्यात हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. कर्टिस लुंडीन पावाची गाडी घेऊन शाळेत यायचा. ती तेव्हा एकतीसची होती, बाबा अंथरुणावर होते. कर्टिसनं एकदा पावाचे ट्रे मोजता मोजता लग्नाचं विचारलं, एकदा चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता. ती दोन्ही वेळा नको म्हणाली, आणि तिसऱ्या वेळेसाठी तिनं निळा ड्रेस शिवून घेतला. पण कर्टिस इथलाच होता. रीत त्याला माहीत होती. तेव्हा त्यानं तिसऱ्यांदा न विचारणं हेही त्याचं उत्तरच होतं. त्याबद्दल लिओटाचं काही म्हणणं नव्हतं. ते उत्तर तिला समजलं होतं. ही टेक्सासची बाई मात्र... हिचं न विचारणं म्हणजे काहीच नव्हतं. नुसती शांतता.

ऊन पाठीवर आलं. पाणी नळकांड्यांना चप् चप् लागत होतं. पाठीतली कळ हळूहळू कोमट झाली. तिनं दुसरा हात कठड्यावर ठेवला, हातावर डोकं. क्षणभरच.

"लिओटा."

कोणी तरी हाक मारत होतं. शाळेत असेल. ओव्हन बंद करायचा राहिला असेल.

"लिओटा, काठी वाकलीय."

ती दचकून उठली. बोटावर दोरी नव्हती. दोरी होडीखालून दुसऱ्या बाजूला गेली होती, ताठ. काठीचं टोक पाण्याला टेकायला आलं होतं.

"कधीपासून?"

"मला काय माहीत! दिसली तेव्हा हाक मारली."

"गुंडाळ! चकरी फिरव!"

आर्विडनं बधिर हातानं चकरी फिरवली, मूठ दोनदा निसटली. लिओटानं दोरी होडीखालून सोडवून घेतली. बास वर आला, हिरवा, जाड, बाजूवर ती काळी पट्टी. तिनं खालचा ओठ अंगठ्यानं धरून त्याला उचललं. मोजपट्टीवर सतरा इंच. तोंडात बघितलं. गळ नव्हता. दोरी सरळ घशात उतरली होती, आत, काळोखात.

"तोंडात आहे?" आर्विडनं विचारलं. खुर्ची पुढं तोंड करून ब्रेक लावलेली, मान तेवढी वळत नव्हती.

"नाही."

"हं."

गळ ओढून काढला तर आतडीच बाहेर येतात. तिनं कात्रीनं दोरी ओठाशी कापली, फळीवर पालथी पडली आणि माशाला पाण्यात सरळ धरलं. सोडल्याबरोबर तो कुशीवर पडला. तिनं पुन्हा सरळ केला. पुन्हा पडला. मग ती त्याला धरूनच राहिली, ओठ चिमटीत, हात कोपरापर्यंत पाण्यात.

"गिळला ना?"

"हो."

"झोपली होतीस."

"डोळा लागला जरा."

"घोरत होतीस."

माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते.

"आज तुझं बोट झोपलं, म्हणून गिळला," आर्विड पुढच्या पाण्याला म्हणाला.

लिओटानं मान वर केली. तिला त्याच्या टोपीची मागची बाजू तेवढी दिसत होती.

"कसलं बोट?"

"मला खुळा समजतेस? बास दोनदा टोचतो आणि चालायला लागतो. पन्नास वर्षं धरलेत मी. तुझा बास शाळेची घंटी बडवल्यासारखा हिसका देतो."

"कधीपासून माहितीय तुला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि रोज 'अजून हात आहे माझा' म्हणून ओरडतोस ते?"

"तू एवढी मेहनत घेत होतीस. म्हटलं, टाळ्या नकोत का?"

लिओटाला हसू आलं, पण ते वरपर्यंत पोचलं नाही. तिचा दंड भरून आला होता. मासा अजून तोल घेत नव्हता.

"मंगळवारचाही तुझाच ना? मायलोकडं गेला तो?"

"हो."

"तेव्हाही झोपली होतीस?"

"तेव्हा जागी होते. टोचलेलं कळलं पण. मोजायला सुरुवात केली, आणि मग... कुठं होते मी, आठवत नाही."

लांबून कोणाच्या तरी होडीचा आवाज आला आणि गेला.

"दोन्ही फोन ऐकले मी," आर्विड म्हणाला. "पाय गेलाय, कान नाही गेले."

लिओटाचा हात पाण्यात थबकला.

"मी नको म्हणाले ना तिला."

"म्हणालीस. दोनदा. खरंच नको असतं तर पहिल्याच वेळी फोन आपटला असतास. त्या विमावाल्याचा आपटलास तसा. दुसऱ्यांदा तू 'तुम्ही एवढं म्हणताय' म्हणालीस. मी काय परका आहे, मला कळायला नको?"

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला बोलू? मी देवाला म्हणत होतो, तिसरा फोन येऊ देऊ नकोस. काल दिवसभर नाही आला. रात्री आभार मानले त्याचे." तो थांबला. "आज सकाळी तू रिसिव्हर उचलून ऐकलास. ते पण ऐकलं मी."

"आर्विड..."

"आईनं बाबांना नऊ वर्षं सांभाळलं. घरात. कोणाच्या दारी नाही पाठवलं."

हे वाक्य येणार हे लिओटाला तीन वर्षं माहीत होतं. रात्री कूस बदलताना तिनं त्याला शंभर उत्तरं दिली होती, शहाणी, शांत, चर्चमध्ये म्हणता येतील अशी. त्यातलं एकही आता आठवलं नाही.

"आईनं नाही," ती पाण्याकडं बघत म्हणाली. "आईनं आणि मी. तू ट्रक चालवत होतास. रविवारी यायचास, बाबांची दाढी करायचास आणि जायचास. आईच्या जोडीला मी होते, माझ्या जोडीला कोण आहे? सांग ना! पासष्टाव्या वर्षी मी तुला उचलते. एक दिवस दोघंही न्हाणीघरात पडू, आणि मायलोला वास येईपर्यंत कोणाला कळणार नाही."

"मायलोला लवकर येईल वास. तो आपल्याकडंच बघत असतो."

"हसू नकोस!"

"हसत नाहीये."

त्याच्या आवाजात खरंच हसू नव्हतं. टोपी जरा खाली झुकली होती.

"मला भीती वाटते तिथली," आर्विड म्हणाला. "माझ्याबरोबर ट्रक चालवणारा रॉय गेला होता ना. भेटायला गेलो तर दुपारी साडेचारला जेवायला बसवलं होतं सगळ्यांना, गळ्यात फडकी बांधून. मला बघून रॉय म्हणाला, 'ट्रक घेऊन आलायस का?' सारखं तेच. ट्रक घेऊन आलायस का."

"माहितीय मला."

"तुला कसं माहीत?"

"तू मला दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सांगतोस."

तिचा हात आता तिचा राहिला नव्हता. गार, पांढरा, बोटं सुरकुतलेली. तिनं हात बदलायचा प्रयत्न केला तर मासा लगेच कलंडला, म्हणून पुन्हा त्याच हातात घेतला.

"अजून धरलायस?"

"तोल नाही त्याला."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. जास्तच."

"सोड आता."

"पडेल."

"पडला तर पडला. उठला तर उठला. तू धरून ठेवलंस म्हणून त्याच्या पोटातला गळ निघणार आहे का? हात गळून पडेल तुझा, मग मला कोण..." तो तिथंच थांबला. मग हळूच म्हणाला, "सोड गं."

लिओटानं चिमूट सैल केली. मासा क्षणभर तिच्या तळव्यावर टेकून राहिला, एकदा कल्ले उघडले, आणि तिरका, कलंडत, कमळाच्या देठांमध्ये खाली गेला. जगायला की मरायला, ते वरून दिसलं नाही. ती तशीच पालथी पडून राहिली. उठायचं तर कुठल्या हातावर भार द्यावा हेच सुचेना.

"किती वाजले?" आर्विडनं विचारलं.

"पावणेअकरा."

"तो नांगर तुला उचलायला वीस मिनिटं लागतात."

"पंधरा."

"मग ऊठ."

"अरे, नको, राहू दे. बघू. ती करेल फोन, तिला वाटलं तर."

"ती नाही करणार," आर्विड म्हणाला. "ती बाहेरची आहे. तिला वाटतंय, आपल्याला खरंच नकोय."

लिओटा उठली. नांगर वर ओढताना दोरखंड तीनदा हातातून निसटला. आर्विडला मदत करता येत नव्हती, तो पुढं बघत बसून होता. चौथ्यांदा नांगर फळीवर येऊन आदळला, चिखलासकट, आणि ती धापा टाकत इंजिनाशी गेली.

धक्क्यावर मायलो उभाच होता.

"आज लवकर? लागलं का काही?"

"नाही," लिओटा म्हणाली.

"वर नेऊ का खुर्ची?"

नेहमीचा 'नको' तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"न्या."

मायलोनं तिच्याकडं बघितलं, मग आर्विडकडं, मग पुन्हा तिच्याकडं, जणू कोणी तरी वारल्याची बातमी ऐकली असावी. "बरं," तो म्हणाला आणि मुकाट्यानं खुर्ची उतरणीवरून वर ढकलत घेऊन गेला. दारात सोडून टोपीला हात लावला आणि नेहमीसारखा दहा मिनिटं दारात रेंगाळलासुद्धा नाही.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा चाळीस. लिओटानं नंबर लावला. दोनदा चुकला, बोटं अजून गार होती. आर्विड दाराच्या चौकटीत खुर्चीत, चिखलाच्या बुटांनी.

"मिस ओर्टेगा? मी लिओटा स्टेनरूड. तुम्ही कामात असाल ना? मी नंतर... नाही? बरं. मी म्हटलं, सहज विचारावं. म्हणजे तुमची काही अडचण नसेल तर, आणि दुसऱ्या कोणाला दिली असेल तर अजिबात काही नाही, आम्ही..."

"माग!" दारातून आवाज आला. "सरळ माग!"

लिओटानं त्याच्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले. पासष्ट वर्षांत तिनं कोणाकडं, कोणी देऊ न करता, काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. मीठसुद्धा नाही.

"ती खोली," ती म्हणाली. "ती आम्हाला हवी आहे."

"ओह!" पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "आधी सांगायचं ना तुम्ही! आहे की अजून. एक मिनिट, फॉर्म उघडते. पूर्ण नाव आर्विड लेरॉय स्टेनरूड, बरोबर? आणि जन्मतारीख?"

लिओटानं तोंड उघडलं. दर वर्षी ती त्याच्यासाठी केक करत आली होती. औषधांच्या प्रत्येक बाटलीवर ती तारीख होती, रोज दोनदा ती वाचत होती. आता तिथं काहीच नव्हतं. नुसतं पांढरं, रिकामं, धुऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं. डोक्याला हात लावून ती उभी राहिली.

"हॅलो? मिस स्टेनरूड? जन्मतारीख?"

"एक... एक मिनिट हं. आत्ता होती. मला..."

"नऊ फेब्रुवारी," आर्विड दारातून म्हणाला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा, फोनच्या पलीकडं ऐकू जाईल असा. "एकोणीसशे सत्तेचाळीस. लिहून घ्यायला सांग तिला."

लिओटानं खुर्ची ओढली, तिच्यावर बसली, आणि त्यानं सांगितलं तसंच्या तसं पुढं सांगितलं.